चपलांशेजारची टिटवी

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या घरातून एका स्कूटरवर दोन माणसं निघतात आणि तळ्याच्या फाटकापाशी उतरल्यावर एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. गळ्यात दुर्बीण अडकवलेला तो मी. हातात पाण्याची बाटली आणि काखेत सतरंजी ती माझी बायको. मी डावीकडे वळतो, ती उजवीकडे. डावीकडे पक्षी बघणारे असतात, उजवीकडे हसणारे. या दोन जमातींचं आपापसांत पटत नाही. त्यामुळे तळ्यावरचं भांडण घरी आणि घरातलं भांडण तळ्यावर, अशी ने-आण आम्ही दोघं इमानेइतबारे करत असतो.

हे तळं पूर्वी नुसतं तळं होतं. म्हशी डुंबायच्या, लोक गाड्या धुवायचे. मग पाणथळ जागा म्हणून त्याला संरक्षण मिळालं, त्याचं पक्षी उद्यान झालं. कुंपण आलं, फाटक आलं, आणि पुण्यात कुंपणामागोमाग जे येतं ते आलं, म्हणजे सूचनाफलक. 'मोठ्याने बोलू नये.' 'पाण्यात दगड टाकू नयेत, तळे भरायचे काम पाऊस करतो.' आणि माझा आवडता, 'पक्ष्यांना फरसाण घालू नये. त्यांनाही पित्त होते.' थंडीत इथे लांबून बदकं येतात, आणि त्यांच्या मागे कॅमेरे. उन्हाळा लागला की बदकं जातात, कॅमेरेही विरळ होतात, आणि मग आपली घरची मंडळी उरतात. बुडी मारून भलतीकडेच वर येणाऱ्या टिबुकल्या, दगडासारखा थिजून बसलेला वंचक बगळा, सकाळी सकाळी कुणावर तरी खेकसणारा खंड्या. मला खरं तर हीच मंडळी आवडतात. पाहुण्यांचं कौतुक मला कधी जमलं नाही.

उजवीकडे, पाण्याला लागून, मुरमाचं एक मोकळं पटांगण आहे. तिथे हास्यमंडळ भरतं. मंडळाचे अध्यक्ष मार्केट यार्डात कांद्याचे आडते होते. उभा जन्म लिलावात गेल्यामुळे त्यांचा आवाज साधा नाहीच. ते 'नमस्कार' म्हणाले तरी पलीकडच्या काठावरचा बगळा पाय बदलतो. त्यांच्या देखरेखीखाली हे लोक गोल उभे राहून सिंहहास्य करतात, ताकहास्य करतात, आणि कानाला रिकामा हात लावून मोबाइलहास्य करतात. कारण नसताना हसणाऱ्या माणसाबद्दल मला लहानपणापासून संशय आहे, आणि इथे तर तो घाऊक भावात हसत होता. मी डावीकडे उभा राहून दात-ओठ खायचो.

पण त्या गोलात माझी बायको होती, आणि ती तिथे का होती हे मला माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी चहा पिताना तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा गळला. मी म्हटलं, "अगं, लक्ष कुठे आहे?" तिनं वर बघितलं आणि माझ्या हातातला कप बशीवर आपटला. अर्धा चेहरा जागचा हललाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, होईल बरी. बरीचशी झालीसुद्धा. डोळा मिटायला लागला, बोलणं सुधारलं, पण ओठाचा डावा कोपरा खाली राहिला तो राहिलाच. एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. हसली की येतं.

ही बाई शाळेत भूगोल शिकवायची. तिनं चष्म्यावरून नुसतं बघितलं की वर्ग गप्प व्हायचा, आणि ती हसली की त्याच वर्गाला सुट्टी लागल्यासारखं वाटायचं. ती हसायची थांबली. तोंडाशी ओढणी धरून बोलायला लागली. लग्नकार्याला जाणं बंद झालं, फोटो काढायची वेळ आली की ती पाणी आणायला जायची. मला राग यायचा. तिचा नव्हे, त्या नसेचा, डॉक्टरांच्या 'होईल बरी'चा, आणि मला यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही याचा. मग कुणीतरी तिला ओढून हास्यमंडळात नेलं. पहिल्या दिवशी ती घरी आली आणि म्हणाली, "अहो, तिथे सगळेच तोंडं वाकडी करतात. माझं कुणाला कळतच नाही." त्या दिवसापासून माझा हास्यमंडळाला विरोध फक्त तात्त्विक उरला.

पक्षी बघणाऱ्यांचा विरोध मात्र तात्त्विक नव्हता. त्यांचा पुढारी एक तरुण होता, नागपूरकडचा, आयटीतला. वाघोलीहून पहाटे निघून, सगळं शहर ओलांडून यायचा. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स दुधाच्या कॅनएवढी होती. त्यानं रीतसर तक्रार केली. उद्यानाच्या अधिकारी बाईंनी दोन्ही बाजूंना बोलावलं. मी नेमकं कुठे उभं राहावं ते न कळल्यामुळे दारात उभा राहिलो.

"मॅडम, हे लोक रोज एवढ्या जोरात हसून राहिले," तरुण म्हणाला, "बर्ड्सना किती स्ट्रेस येत असेल!"

"आम्हाला तर हसून बरं वाटतं," अध्यक्ष म्हणाले. खोलीतली काच थरथरली.

"आपल्याला बरं वाटतं हे छान आहे," बाई म्हणाल्या. "पण हे उद्यान आपल्यासाठी नाहीये. फाटकावर तसं लिहिलंय. वाचलं असेलच."

परवानगी रद्द करायचं जवळजवळ ठरलंच होतं. घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, "मनपाच्या बागेत दुसरं मंडळ आहे की. तिथे जा."

"तिथे सगळे नवीन लोक," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना तोंड दाखवायचं? त्यापेक्षा मी घरात बसेन." आणि ओढणीचं टोक तोंडाशी गेलं. बऱ्याच महिन्यांनी मी ते घरात बघत होतो.

त्याच आठवड्यात मंडळातल्या एका बाई हसून झाल्यावर चप्पल घालायला वाकल्या आणि किंचाळल्या. सगळे जिथे चपला काढतात, तिथून हातभर अंतरावर मुरमात एक उथळ खळगा होता, आणि त्यात चार अंडी. मातकट, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत वळवून नीट मांडलेली. शेजारी लांब पिवळ्या पायांवर टिटवी उभी होती आणि आपल्याला जागा कमी पडते आहे अशा चेहऱ्यानं चपलांकडे बघत होती. एकेक अंडं घालायला तिला काही दिवस लागले असणार, आणि तेवढे दिवस हे सगळे तिच्याभोवती सिंहासारखे गर्जत होते.

टिटवी ओरडणं अशुभ, असं एक-दोघींनी पुटपुटून बघितलं. अध्यक्ष म्हणाले, "तिच्या दारात आपण ओरडतोय. तिनं काय म्हणावं?"

बातमी कार्यालयात पोचली. अधिकारी बाई स्वतः आल्या, लांबूनच बघितलं आणि तिथल्या तिथे निकाल सांगितला. "टिटवीनं अंडी सोडून दिली तर मंडळ बंद, कायमचं. पिल्लं निघाली तर मंडळ राहील. पक्ष्याला चालत असेल तर माझी हरकत नाही. मी काही हसण्याच्या विरोधात नाही." हे त्या अजिबात न हसता म्हणाल्या.

डावीकडची मंडळी खूश झाली, कारण अंडी टिकणार नाहीत याची त्यांना खात्री होती. उजवीकडच्यांनी तातडीची सभा घेतली. पुण्यातल्या माणसांपुढे संकट आलं की ती आधी ठराव करतात. ठराव असा झाला की पिल्लं निघेपर्यंत मौनहास्य करावं. हसायचं, पण आवाज काढायचा नाही. पायांत चपला नकोत, मोजे घालावेत. बायकांनी बांगड्या काढून ठेवाव्यात. चालताना वाकून, दबक्या पावलांनी चालावं, आणि अगदीच बोलावं लागलं तर कुजबुजावं. इतक्या शहाण्यासुरत्या माणसांनी एकमतानं इतका चुकीचा निर्णय घेतलेला मी दुसरा बघितलेला नाही, आणि मी आयुष्यभर सोसायटीच्या सभांना जात आलो आहे.

कारण दुसऱ्या दिवशी टिटवीचं डोकंच फिरलं. वीसेक माणसं मोजे घालून, पाठीत वाकून, चोरासारखी चारी बाजूंनी येताना दिसल्यावर ती उठली आणि जी किंचाळत सुटली ती थांबेना. डोक्यांवरून सूर मारायची, परत वर जायची, परत खाली. खाली माणसं तोंडं वासून, दात दाखवून, पोटं धरून हसत होती आणि आवाज टिचकीचाही नव्हता. मी डावीकडून दुर्बीण लावून बघत होतो. ते दृश्य बघून टिटवीच काय, मीही पळालो असतो.

असं रोज व्हायला लागलं. मंडळ आलं की टिटवी उठायची आणि ते गेल्यावरही बराच वेळ अंड्यांवर यायची नाही. ऊन तापत होतं. ती पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आणायची आणि अंडी निववायची, पण तोवर मुरूम तव्यासारखा झालेला असायचा. तरुण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "नाही टिकत वाटतं हे घरटं, काका." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. पोरगा पक्ष्यांना खरा जीव लावणारा होता.

स्कूटरवर बायको मागून विचारायची, "बसली का हो ती? आम्ही गेल्यावर बसली?" मी "बसली" म्हणायचो. आरशात मला दिसायचं, की तिचा विश्वास बसलेला नाही आणि तोंडावर ओढणी आहे. ती वाऱ्यासाठी आहे अशी मी माझी समजूत घालायचो.

मग तो दिवस आला. मौनातलं सिंहहास्य चालू होतं. अध्यक्षांनी जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली होती, डोळे वटारले होते, पंजे उगारले होते, आणि घशातून हूं नाही की चूं नाही. टिटवी वरून सूर मारत आली आणि नेम धरून त्यांच्या टकलावर शिटली. अध्यक्ष हलले नाहीत. ठराव म्हणजे ठराव. ओघळ कपाळावरून नाकाच्या शेंड्याकडे निघाला तरी ते तसेच, जीभ बाहेर, पंजे वर. आता त्यांना पहिला प्रश्न जिभेचा पडला असावा, कारण ती अगदी हळूहळू आत जाऊ लागली.

त्या शांततेत एक आवाज फुटला. तो मी ओळखला. कित्येक वर्षांनी ऐकला तरी ओळखला. माझी बायको हसत होती. मंडळातलं 'हा हा हो हो' नव्हे, तिचं तिचं हसणं, मधेच श्वास अडकून परत सुरू होणारं. मग बाकीच्या बायका सुटल्या, मग पुरुष, आणि सगळ्यात शेवटी इतके दिवस कोंडलेले अध्यक्ष मार्केट यार्डाच्या आवाजात गडगडले. झालं, संपलं मंडळ, असं मी मनात म्हटलं आणि दुर्बीण टिटवीकडे वळवली.

टिटवी खाली उतरली. गोलाच्या बाहेर क्षणभर उभी राहिली, मान वाकडी करून ऐकलं. मग ती चपलांच्या जागेवरून टुकूटुकू चालत आली, अंडी पायांत घेतली, पिसं फुलवली आणि बसली. तिच्या सभोवती माणसं गडगडून हसत होती आणि तिनं डोळे मिटले.

माझं पक्षिज्ञान पुस्तकी आहे, पण तेवढं मला समजलं. दबकत येतं ते मांजर किंवा कुत्रं. जे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी उभं राहून बोंबलतं, त्याच्यापासून तिला धोका नव्हता. उलट या गोंगाटाला भिऊन कुत्री या बाजूला फिरकत नव्हती. तिनं जागा चुकून निवडली नव्हती. पूर्ण चौकशी करून, मंडळाच्या जिवावरच निवडली होती.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा फाटकातून उजवीकडे वळलो आणि अध्यक्षांना हे सांगितलं. त्यांनी आधी सगळ्यांना कुजबुजायला लावलं. टिटवी उठली. मग हसायला लावलं. टिटवी बसली. अध्यक्षांनी मौनाचा ठराव तिथल्या तिथे मोडीत काढला, आणि मोजे घरी गेले.

डावीकडे हे कुणाला पटेना. तरुणानं खात्री करून घ्यायची ठरवली. झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घालून तो मुरमावरून पोटावर सरपटत निघाला. टिटवीनं त्याला लांबूनच बघितलं, अंड्यांवरून उठली, निमूट चालत भलत्याच ठिकाणी गेली आणि तिथल्या दगडांवर पिसं फुलवून अशी ऐसपैस बसली, की जणू जन्मापासून तिथेच बसली आहे. तो तिच्यामागे सरपटला. अख्खी सकाळ त्यानं रिकाम्या दगडांवर बसलेल्या टिटवीचे फोटो काढले आणि नंतर मोठ्या हौसेनं आम्हाला दाखवले. बायको ओढणीआडून म्हणाली, "छान आलेत हो. पण अंडी इकडे आहेत." टिटवीनं त्याला चांगलाच कात्रजचा घाट दाखवला होता. यावर तो हसला, आणि मला तो पोरगा आवडायला लागला.

असा जवळजवळ महिना गेला. आणि एका सकाळी घरटं रिकामं दिसलं.

अंडी नव्हती, पिल्लं नव्हती, कवचाचा तुकडासुद्धा नव्हता. टिटव्या दोन्ही, नर आणि मादी, तिथेच लांब उभ्या राहून ओरडत होत्या. सगळी मंडळी कंबरेत वाकून मुरूम चाचपडायला लागली. अधिकारी बाई आल्या. तरुण खाली मान घालून बायकोला म्हणाला, "रात्री कुत्रं आलं असेल काकू. सॉरी." त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"पिल्लं दिसत नाहीत, म्हणजे निकाल स्पष्ट आहे," बाई म्हणाल्या. "आपण सामान आवरावं."

अध्यक्ष काहीतरी बोलले, पण ते कुणाला कळलं नाही. आदल्या दिवशी नातवाच्या मुंजीत ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. मार्केट यार्डाचा आवाज नेमका त्या दिवशी बंद होता. ते बिचारे हात हलवत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम," माझी बायको म्हणाली, "शेवटचं एकदा हसू द्या. मग जातो आम्ही."

"हसवणार कोण? अध्यक्षांचा तर घसा बसलाय."

"मी."

हसवणाऱ्याला गोलाच्या मध्ये उभं राहावं लागतं, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. मला हे माहीत होतं, तिला तर होतंच. मी पुढे झालो, म्हणजे काय करणार होतो कुणास ठाऊक, पण झालो. ती माझ्याकडे न बघता मध्ये गेली. वाकून चाचपडणाऱ्या सगळ्यांना तिनं वर्गातल्या आवाजात सांगितलं, "उठा. सरळ उभं राहा. हात वर." सगळे उठले, अधिकारी बाईसुद्धा किंचित ताठ झाल्या. मग तिनं ओढणी कमरेला बांधली, मान वर केली आणि हसली. डावा कोपरा खाली, उजवा वर, पूर्ण तोंड उघडून. मंडळ तिच्यामागे हसलं. मी हसलो. इतक्या वर्षांत कारण नसताना पहिल्यांदाच हसत होतो.

टिटव्यांचं किंचाळणं थांबलं. दोन्ही चालत जवळ आल्या आणि त्यांतली एक हळू आवाजात, निराळंच काहीतरी बोलली. त्यासरशी चपलांच्या राशीत एक ठिपकेदार खडा उठून उभा राहिला. त्याला पाय होते. मग दुसरा. तिसरा एका स्लिपरच्या सावलीतून निघाला. चौथा निघाला तो माझ्या बायकोच्या चपलेच्या पट्ट्याखालून, आणि पट्ट्यात पाय अडकून तोंडावर आपटला. इतका वेळ आम्ही वाकून शोधत होतो म्हणून आई जिथे 'थांबा' म्हणाली तिथे ती पिल्लं थिजून पडली होती. आम्ही सरळ उभं राहून हसायला लागलो, तेव्हा तिच्या मते सगळं ठीकठाक झालं.

"बरं," अधिकारी बाई म्हणाल्या. "चपला मात्र उद्यापासून थोड्या लांब काढा." आणि त्या वळून चालायला लागल्या. माझी दुर्बीण गळ्यातच होती, आणि त्यांचे खांदे हलताना मी स्वच्छ बघितले.

तरुणानं या सगळ्यात कॅमेरा खाली ठेवलाच नव्हता. तो बायकोजवळ आला, जरा घुटमळला. "काकू, एका फोटोत पिल्लाच्या मागे तुम्ही पण आल्या. तुम्हाला फोटो आवडत नाही ना, माहीत आहे मला. डिलीट करतो."

तिनं कॅमेरा हातात घेतला आणि बराच वेळ त्या छोट्या पडद्याकडे बघितलं.

"असू दे," ती म्हणाली. "मोठा करून दे मला."

आता तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावला आहे. येणारे-जाणारे त्यासमोर उभे राहून बराच वेळ पिल्लू शोधतात, कारण ते मुरमात मिसळून गेलं आहे आणि बोट ठेवून दाखवावं लागतं. ती मात्र दारातूनच दिसते.